उरुवेलेचा उपवास



भगवान बुद्धांची शांत, भरल्या अंगाची मूर्ती आपल्या घरोघरी आहे. परंतु लाहोरच्या संग्रहालयात एक निराळी मूर्ती आहे. तिचे डोळे खोल गेलेले, पोट पाठीला टेकलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. ही मूर्तीही सिद्धार्थ गौतमाचीच आहे. ती अशी का, हे आपण समजून घेतले पाहिजे.

वयाच्या 29 व्या वर्षी सिद्धार्थाने घर सोडले. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यानाचा अभ्यास केला. तेवढ्याने समाधान झाले नाही, म्हणून गयेजवळ उरुवेला येथे, निरंजना नदीच्या काठी, त्याने कठोर तपश्चर्या आरंभिली. देहाला क्लेश दिले की मन शुद्ध होते, अशी त्या काळची समजूत होती. आहार कमी करता करता तो मुगाच्या किंवा कुळथाच्या ओंजळभर कढणावर आला. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात हा प्रसंग विस्ताराने मांडला आहे.

परिणाम काय झाला? पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाती लागे. अंगावरून हात फिरवला तर केस मुळासकट गळून पडत. कांती काळवंडली. उठू गेला तर तोल जाऊन पडे. हे सारे भगवंतांनीच पुढे शिष्यांना सांगितले.

वाचकहो, यात चमत्कार नाही. हा शरीराचा धर्म आहे. अन्न तुटले की शरीर प्रथम साठवलेली साखर वापरते, मग चरबी जाळते आणि तिच्याबरोबर मांसही. हृदय हेही मांसाचेच आहे. क्षार कमी झाले की त्याचे ठोके बिघडतात. आज वजन उतरविण्यासाठी दिवसाला 800 कॅलरीपेक्षा कमी आहार घेण्याचा मार्ग आहे. परंतु तो निवडक रुग्णांसाठी, ठराविक मुदतीपुरता आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मनाने केल्यास चक्कर, पित्ताशयात खडे, केस गळणे, क्वचित मृत्यूही ओढवतो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी आणि मुलांनी तर त्या वाटेला जाऊच नये. मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्याची साखर एकाएकी उतरून तो बेशुद्ध पडू शकतो.

सिद्धार्थाने सहा वर्षांनी स्वतःला प्रश्न विचारला: एवढे सोसून ज्ञान मिळाले काय? नाही. अशक्त देहात मनही दुबळे होते, हे त्याने अनुभवाने ओळखले आणि अन्न घेतले. सेनानीची कन्या सुजाता हिने दिलेली खीर आपणांस ठाऊक आहे. बरोबरचे पाच परिव्राजक त्याला भ्रष्ट ठरवून निघून गेले. लोक काय म्हणतील, याची पर्वा त्याने केली नाही. 35 व्या वर्षी त्याला बोधी प्राप्त झाली, ती अन्न घेतल्यानंतर. पुढे सारनाथला त्याच पाच जणांना त्याने भोग आणि क्लेश ही दोन्ही टोके सोडून मध्यम मार्ग सांगितला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवू घालू नये. रक्तातले क्षार झपाट्याने उतरून जीव जाऊ शकतो. त्याला दवाखान्यात न्यावे आणि अन्न थोडे थोडे वाढवावे.

भुकेची ओळख असलेल्या बुद्धांनी ती कोणावर लादली नाही. आळवी नगरीत एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून दमून, उपाशी सभेत आला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले, मग धम्म सांगितला.

आपल्या आजा-पणज्यांनी उपास काढले ते हौसेने नव्हे; त्यांना अन्न मिळू दिले गेले नाही. धम्म घेतल्यावरही घरातली आई जुन्या सवयीने वाराला उपाशी राहत असेल, किंवा मुलगी बारीक होण्यासाठी ताट सरकवीत असेल, तर तिला रागावू नका. तिला उरुवेलेची ही हकीकत सांगा आणि तिच्याबरोबर जेवायला बसा.