श्री समर्थ रामदास स्वामी : संक्षिप्त जीवनचरित्र

॥ श्रीराम समर्थ ॥

महाड-पोलादपूर परिसरातील देवस्थानांच्या दर्शनास येणारे अनेक भाविक बिरवाडीवरून पुढे शिवथरघळीस जातात. ज्या घळीत श्रीमद् दासबोधाचे लेखन झाले असे समर्थ संप्रदाय मानतो, ती ही पुण्यभूमी होय. अंगावर एक छाटी आणि काखेस झोळी एवढ्याच संसारावर ज्यांनी आयुष्य काढले व गावोगावी देवालये उभी केली, त्या समर्थ रामदास स्वामींचे चरित्र भाविकांच्या माहितीसाठी येथे थोडक्यात देत आहोत.

जन्म व बालपण

समर्थांचे मूळ नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर. त्यांचा जन्म शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये चैत्र शुद्ध नवमीस, रामजन्माच्या शुभ समयी, मराठवाड्यातील जांब या गावी झाला. हे गाव आज जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असून ते जांब समर्थ या नावाने ओळखले जाते. वडील सूर्याजीपंत हे सूर्योपासक, तर मातोश्री राणूबाई अत्यंत श्रद्धाळू होत्या. थोरले बंधू गंगाधरपंत हेही रामभक्त असून संप्रदायात त्यांना श्रेष्ठ असे आदराने संबोधले जाते. नारायण सात वर्षांचा असतानाच वडिलांचे छत्र हरपले. पुढे हा मुलगा एकांतात चिंतन करीत बसू लागला. विश्वाची चिंता वाहतो असे त्याने आईला सांगितल्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे.

बोहल्यावरून प्रस्थान

नारायणाचे मन प्रपंचात रमावे म्हणून राणूबाईंनी त्याच्या विवाहाचा आग्रह धरला. अंतरपाट धरला जाईपर्यंत आपण नकार देणार नाही, असे वचन त्याने आईस दिले होते, असे सांप्रदायिक चरित्रे सांगतात. त्याप्रमाणे बारा वर्षांचा नारायण नवरदेवाचा पोशाख लेवून, कपाळी मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभा राहिला. मंगलाष्टके सुरू झाली. भटजींनी वधूवरांस सावधान होण्याचा इशारा देताच तो शब्द नारायणाने आपल्यासाठीच मानला आणि भरल्या मांडवातून तो निघून गेला. आईला दिलेले वचन अक्षरशः पाळले गेले. पण त्या माउलीच्या वाट्याला पुत्रवियोग आला. पुत्रासाठी रडून रडून तिची दृष्टी गेली, असे परंपरा सांगते. मायलेकरांची भेट त्यानंतर चोवीस वर्षांनी झाली. समर्थांच्या वैराग्याचे मोल त्यांच्या आईनेही चुकते केले, याची आठवण भाविकांनी अवश्य ठेवावी.

टाकळी येथील तपश्चर्या व तीर्थाटन

घर सोडल्यावर नारायण नाशिक-पंचवटीस आला व जवळच्या टाकळी येथे त्याने बारा वर्षे तप केले. पहाटेपासून मध्यान्हापर्यंत नंदिनी व गोदावरीच्या संगमात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जप करावयाचा, दुपारी पंचवटीत माधुकरी मागून तिचा नैवेद्य श्रीरामास दाखवावयाचा व मगच प्रसाद घ्यावयाचा, असा नित्यक्रम होता. तेरा अक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप त्यांनी येथेच पूर्ण केला, असे मानले जाते. टाकळीस त्यांनी गाईच्या शेणापासून घडविलेल्या मारुतीची स्थापना केली. हाच गोमय मारुती होय.

यानंतर समर्थांनी बारा वर्षे भारतभर पायी तीर्थयात्रा केली. परकीय सत्तांखाली पिचलेली प्रजा, ओस पडलेली देवळे आणि खचलेली मने त्यांनी या प्रवासात पाहिली. इ. स. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाखोऱ्यात आले आणि येथूनच त्यांच्या प्रत्यक्ष कार्यास आरंभ झाला.

देवालयांची उभारणी

समर्थांनी स्थापन केलेले अकरा मारुती प्रसिद्ध आहेत. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी, बहे-बोरगाव, शिराळे, मनपाडळे व पारगाव येथे प्रत्येकी एक आणि चाफळ येथे दोन, असे हे मारुती सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. यांपैकी शहापूर व मसूर येथील मूर्ती चुन्याच्या आहेत. गावात जे साहित्य उपलब्ध असेल, त्यातून मूर्ती व देऊळ सिद्ध करावे, त्याभोवती तरुणांनी जमावे, व्यायाम व उपासना करावी आणि गावाने एकत्र यावे, हा त्यामागील हेतू होता. महाराष्ट्रात मारुतीचे देऊळ नाही असे गाव आजही क्वचितच आढळते.

चाफळ येथील श्रीराम मंदिराची स्थापना इ. स. १६४८ मध्ये झाली. तेथील श्रीरामाची मूर्ती समर्थांना अंगापूरच्या डोहात सापडली, अशी परंपरा आहे. भिक्षेच्या झोळीतून व ग्रामस्थांच्या श्रमातून हे कार्य उभे राहिले. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी इ. स. १६७८ मध्ये चाफळच्या देवस्थानास सनद करून दिली. शिवराय व समर्थ यांची पहिली भेट केव्हा झाली याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत; मात्र या सनदेतून महाराजांचा समर्थांविषयीचा आदर स्पष्ट दिसतो. विसाव्या शतकात उद्योगपती अरविंद मफतलाल यांनी चाफळ मंदिराचा जीर्णोद्धार केला. मूठभर धान्य घालणारी गृहिणी, सनद देणारा राजा आणि जीर्णोद्धार करणारा उद्योजक अशा सर्वांचा वाटा या एकाच देवालयात आहे.

समर्थांचा वेष

कमरेस कौपीन, अंगावर भगवी छाटी, पायांत खडावा, हाती कुबडी आणि काखेस झोळी हा समर्थांचा वेष सर्वश्रुत आहे. धोतर, बाराबंदी व पागोटे हा त्या काळच्या प्रतिष्ठित गृहस्थाचा पोशाख होता. समर्थांनी बोहल्यावरच त्याचा त्याग केला. झोळी घेतलेल्या गोसाव्यास गरिबाच्या झोपडीपासून सरदाराच्या वाड्यापर्यंत कोणाचेही दार बंद नसे. भिक्षेच्या निमित्ताने घरोघरची स्थिती कळते, माणसे पारखता येतात व लोकसंग्रह होतो, असा भिक्षेचा मोठा अर्थ दासबोधात सांगितला आहे. म्हणूनच भिक्षेस जावे, पण मिळेल तेवढे सर्व न घेता अल्पच स्वीकारावे, असा शिष्यांस त्यांचा दंडक होता.

केवळ वेष पालटून कोणी साधू होत नाही, हेही समर्थांनी परखडपणे बजावले. पोटासाठी भगवी वस्त्रे नेसणाऱ्या ढोंगी गुरूंवर दासबोधात कडक टीका आहे. प्रापंचिकाने नीटनेटके राहण्यास मात्र त्यांचा विरोध नव्हता. वस्त्राने देहाला शोभा येते, अंतःकरणाची शोभा विवेकाने कमवावी लागते, असा त्यांचा विचार होता.

वेणास्वामी व अक्कास्वामी

पतीच्या निधनानंतर स्त्रीने केशवपन करून अलवण नेसावे व मंगलप्रसंगी समोर येऊ नये, अशी रूढी त्या काळी अनेक घरांत होती. अशा काळात समर्थांनी बालविधवा वेणाबाईंना अनुग्रह दिला, कीर्तनास उभे राहण्याचा अधिकार दिला आणि मिरजेच्या मठाचे प्रमुखपद दिले. वेणास्वामींनी सीतास्वयंवर हे काव्य रचले. अक्कास्वामींनी चाफळ व सज्जनगड येथे सेवा केली व समर्थांच्या पश्चात गडावरील व्यवस्था समर्थपणे सांभाळली. ज्या स्त्रियांना समाजाने वेषावरून अशुभ ठरविले होते, त्यांच्या हाती समर्थांनी देवघराच्या किल्ल्या दिल्या. लोकनिंदेची पर्वा न करता घेतलेला हा निर्णय त्यांच्या चरित्रातील सर्वांत धाडसी निर्णयांपैकी एक म्हणावा लागेल.

शिवथरघळ व दासबोध

सह्याद्रीच्या कुशीत, वरंध घाटाच्या परिसरात, घनदाट झाडीत ही घळ आहे. पावसाळ्यात घळीशेजारून प्रचंड धबधबा कोसळतो. जावळीच्या मोऱ्यांच्या अमलातील हा दुर्गम मुलूख इ. स. १६५६ मध्ये स्वराज्यात आला. समर्थांनी ज्याला सुंदरमठ म्हटले तो हाच, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. येथे समर्थ सांगत आणि शिष्य कल्याणस्वामी लिहून घेत. वीस दशक व दोनशे समास असलेला हा ग्रंथ प्रपंच नेटका करून परमार्थ साधण्याची शिकवण देतो.

कालांतराने या स्थानाचा विसर पडला होता. धुळे येथील थोर समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी इ. स. १९३० मध्ये ही घळ शोधून काढली. आज घळीत समर्थ सांगत आहेत व कल्याणस्वामी लिहीत आहेत, अशा मूर्तींचे दर्शन घडते.

सज्जनगडावरील अखेरचे दिवस

इ. स. १६७६ मध्ये समर्थ परळीच्या किल्ल्यावर म्हणजेच सज्जनगडावर वास्तव्यास आले. तंजावरहून आलेल्या राम, लक्ष्मण व सीता यांच्या मूर्तींची स्थापना झाल्यावर अल्पावधीतच, माघ वद्य नवमी शके १६०३ (इ. स. १६८२) रोजी त्यांनी देह ठेवला. समाधीवर छत्रपती संभाजी महाराजांनी श्रीराम मंदिर बांधविले. गडावरील शेजघरात समर्थांची कुबडी, गुप्ती, वल्कले व पाण्याचे हंडे जतन केलेले आहेत. गावोगावी देवालये उभारणाऱ्या या महापुरुषाने मागे ठेवलेल्या वस्तू एका लहानशा खोलीत मावतात.

भाविकांसाठी माहिती

महाडहून बिरवाडीमार्गे शिवथरघळीस जाता येते. भोरकडून येणाऱ्यांस वरंध घाटाची वाट आहे. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, म्हणून निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी व धबधब्याच्या पाण्यात उतरू नये. माघ शुद्ध नवमीस दासबोध जयंती व माघ वद्य नवमीस दासनवमी हे संप्रदायाचे प्रमुख उत्सव होत. दर्शनास येताना साधा व स्वच्छ वेष असावा. घळीत शांतता राखावी आणि शक्य झाल्यास दासबोधाचा एक तरी समास तेथे बसून वाचावा, ही विनंती.