कावसजी नायगमवाला आणि त्यांची वेधशाळा

गणेश चतुर्थीला चंद्र पाहायचा नाही, हा आपल्या घरांतला दंडक. आमच्या लहानपणी आजी त्या संध्याकाळी आम्हांला अंगणात सुद्धा फिरकू देत नसे. तरी यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही निवडला आहे तो उभा जन्म आकाशाकडे पाहण्यात घालवणारा माणूस. तो मराठी नव्हता, पारशी होता. पण त्याचे काम झाले ते पुण्यात.

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म 1857 चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून 1878 साली ते एम.ए. झाले, तेही कुलपतींचे सुवर्णपदक मिळवून. विषय पदार्थविज्ञान आणि रसायन. 1882 मध्ये त्याच कॉलेजात ते शिकवू लागले. त्याच साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज पाहायला आले आणि वर्णपटाची प्रयोगशाळा उभारण्यासाठी त्यांनी 5,000 रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच रक्कम घातली. उपकरणे आणायला नायगमवाला 1884 साली विलायतेला गेले. तिथे राजज्योतिषी क्रिस्टी आणि नॉर्मन लॉकियर यांची गाठ पडली. साध्या प्रयोगशाळेपेक्षा ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करणारी वेधशाळाच काढा, असे त्यांनी सुचवले. गेले होते प्रयोगशाळेचे सामान आणायला, परतले ते वेधशाळेचा बेत घेऊन!

1885 साली त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. आपल्या भागातली मुले आज ज्या सीओईपीत प्रवेश मिळावा म्हणून धडपडतात, तेच हे कॉलेज. तिथे 1888 मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. पुढे तिथे बसवलेली ग्रब कंपनीची 20 इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी होती. कोडाईकनालची सरकारी वेधशाळा निघाली ती 1899 साली, म्हणजे पुण्यानंतर अकरा वर्षांनी.

आपल्याकडे मृग म्हटले की आधी पेरणी आठवते. पण मृग लागतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते दिसत नाही. हिवाळ्यात रात्री ते झकास दिसते आणि त्याच्या पोटाखाली एक धुरकट ठिपका असतो. तो तेजोमेघ. त्याचा प्रकाश लोलकातून पसरवला की हिरवट रंगाची एक ठळक रेषा मिळते. ती कशाची, यावर तेव्हा मोठा वाद होता. लॉकियरसाहेबांचे म्हणणे, ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे. तसे असेल तर तिची एक कड पुसट दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्याहून पुन्हा पुन्हा पाहिले. रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ, रेखीव होती. 1891 मध्ये त्यांनी ते छापून टाकले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा झाली, त्यांच्याच मताविरुद्ध हा पुरावा! आम्हांला त्यांचे सगळ्यात मोठे वाटते ते हेच. पुढे 1927 साली बोवेन यांनी दाखवून दिले की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. मॅग्नेशियमचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

गंमत अशी की त्याच पुण्यात त्याच सुमारास लोकमान्य टिळकही मृगाचाच विचार करत होते. त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ 1893 चा, आणि सार्वजनिक गणेशोत्सवाचा विस्तारही त्याच वेळचा.

मग आले 22 जानेवारी 1898 चे खग्रास सूर्यग्रहण. पौष अमावास्या, भरदुपारची वेळ. चंद्राची सावली कोकणात विजयदुर्गावरून शिरली आणि सोलापूर जिल्हा, वऱ्हाड, नागपूरचा मुलूख ओलांडून ईशान्येकडे गेली. लॉकियर विजयदुर्गावर होते. ब्रिटिश मंडळींच्या तुकड्या वऱ्हाडातल्या तळणीला आणि वर्ध्याजवळच्या पुलगावला उतरल्या होत्या. म्हणजे पाहा, पांढुर्णा-सौंसरपासून किती जवळ! त्या दुपारी आपल्या पणजोबांच्या शेतांतही चांगलेच अंधारून आले असणार. नायगमवालांनी तळ टाकला तो करमाळा तालुक्यातल्या जेऊरला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच आले होते. पुण्यात प्लेगचे दिवस, आणि इकडे महिनोन्‌महिन्यांची तयारी पणाला लागलेली फक्त दोनेक मिनिटांवर. एक ढग आला असता तर सारेच फुकट. आकाश निरभ्र राहिले. सूर्यकडेच्या वर्णपटाची छायाचित्रे मिळाली आणि त्यांचा सविस्तर अहवाल 1902 साली छापला गेला.

यानंतरची कथा थोडकी आहे आणि ती लिहिताना आम्हांला बरे वाटत नाही. तख्तसिंहजी 1896 मध्येच वारले होते. 1912 साली नायगमवाला निवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. त्यांच्या जागी कोणाला नेमले नाही; दुर्बीण आणि इतर सामान कोडाईकनालला रवाना झाले. राजाने पैसा दिला, सरकारनेही दिला, पण दुसरा माणूस तयार करण्याचे कोणाच्या मनात आले नाही. आमच्या पाहण्यातले एक वाचनालय असेच गुरुजी गेल्यावर कुलूपबंद झाले. पुस्तके होती, कपाटे होती, किल्ली कोणाकडे ते कोणाला ठाऊक नव्हते.

आपल्या मध्य प्रदेशात उलट घडले आहे. उज्जैनची सवाई जयसिंगाची वेधशाळा जवळजवळ दोनशे वर्षे पडून होती. 1923 मध्ये माधवराव शिंदे महाराजांनी ती दुरुस्त करून घेतली, गोविंद सदाशिव आपटे यांना अधीक्षक नेमले, आणि तिथले काम अजून चालू आहे.

नायगमवाला निवृत्तीनंतर पुष्कळ जगले. ते 1938 साली वारले, म्हणजे वेधशाळेविना त्यांनी सव्वीस वर्षे काढली. कोडाईकनालला गेलेली दुर्बीण मात्र भावनगर दुर्बीण या नावानेच ओळखली जात राहिली. पुण्यात खगोलशास्त्राची मोठी संस्था, आयुका, पुन्हा उभी राहिली ती 1988 मध्ये, नायगमवालांच्या वेधशाळेनंतर नेमक्या शंभर वर्षांनी.