ऋतू येईपर्यंत

आजचं वाचन: स्तोत्रसंहिता १:१-३

प्रियांनो, या स्तोत्रातलं झाड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पाण्याजवळ लावलेलं, पानं न कोमेजणारं. पण वाचताना एक गोष्ट सुटून जाते. ते झाड बारा महिने फळ देत नाही, त्याचा ऋतू आला की देतं. बाकीचे महिने ते नुसतं मुळांनी पाणी पीत उभं असतं. आज हे वचन पंडिता रमाबाईंच्या आयुष्याशेजारी ठेवून वाचूया.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पंडित. आईने रमाबाईंना संस्कृत शिकवलं. हे कुटुंब पुराण सांगत एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी फिरायचं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. रमाबाई सोळा वर्षांच्या असताना काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी लग्न झालं, पुढच्या वर्षी मनोरमाचा जन्म झाला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने वारले. रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्याही नव्हत्या.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला वाटतं, झालं, आता वसंत ऋतू सुरू! पण ख्रिस्त स्वतःचा तारणारा म्हणून खऱ्या अर्थाने भेटायला आणखी आठ वर्षं लागली, हे त्यांनी आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहून ठेवलंय. विचार करा. आठ वर्षं! आपण आठ दिवस प्रार्थनेला उत्तर मिळालं नाही तर चॅप्टर क्लोज करतो.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं आणि बऱ्याच पालकांनी मुलींना काढून नेलं. अमेरिकेतल्या मदतीचं आश्वासनही दहा वर्षांपुरतंच होतं. म्हणून रमाबाईंनी पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. हिशेब व्यवहारी होता: बाग धरली की फळं विकून शाळा चालेल.

बाग अजून लहानच होती, तेवढ्यात १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या कानावर आल्या आणि रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. उपाशी मुली, तरुण विधवा बघताना स्वतःचे दिवस आठवणं साहजिकच होतं. भूक माणसाचं काय करते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सुमारे ३०० जणींना त्या घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. पण केडगावची जमीन होती. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विणकाम, शेती, दुग्धशाळा, छापखाना असं सगळं त्या बायकाच चालवायच्या.

देवाने पहिला दुष्काळ यासाठीच पाठवला, असं मी म्हणणार नाही. भुकेने गेलेल्या माणसांसमोर ते वाक्य टिकत नाही. पण एवढं दिसतं की त्या कोरड्या वर्षांतलं काहीही प्रभूने वाया जाऊ दिलं नाही. आणि फळांसाठी घेतलेल्या जमिनीवर, झाडांना फळ धरायच्या आधीच, जीव वाचले.

शेवटची बरीच वर्षं रमाबाई बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या. खेड्यातल्या बाईलाही कळावं म्हणून. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जुळणी आणि छपाई मुक्तीच्याच बायकांनी केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. काम पुढे तिच्याच हाती जायचं होतं. मुलीच्या मागे रमाबाई पुन्हा कागदांसमोर बसल्या. काम संपवलं आणि ५ एप्रिल १९२२ ला प्रभूकडे गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं ते त्यांच्या पश्चात. म्हणजे त्या झाडाचं ते फळ त्यांनी हातात घेतलंच नाही.

मित्रांनो, आज तुमचा कोणता ऋतू चालू आहे? नोकरी नाही, लग्न ठरत नाही, घरात आजारपण आहे, प्रार्थना छताला आपटून परत येतेय असं वाटतं? फळ दिसत नाही म्हणून झाड मेलंय असं समजू नका. आज फक्त एकच तपासा: मुळं पाण्यापर्यंत जाताहेत ना? वचन वाचताय ना, थोडंसं का होईना? ऋतू आणणं आपल्या हातात नाही. पाण्याजवळ राहणं आहे.

प्रार्थना: प्रभू येशू, कोरड्या दिवसांत मला तुझ्याजवळ रुजवून ठेव. माझ्या दुःखातून मला दुसऱ्याची भूक दिसू दे. फळ कधी आणि कुणाच्या हाती द्यायचं, ते तू ठरव. आमेन.