बाबासाहेब आंबेडकर आणि मतदारसंघाचा प्रश्न

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, अर्थशास्त्रज्ञ व कायदेपंडित होते. मतदार जात पाहून मत देत असेल, तर संख्येने अल्प असलेल्या समाजाने आपल्या विश्वासाचा प्रतिनिधी निवडावा कसा, या प्रश्नाने त्यांचे सार्वजनिक जीवन आरंभापासून व्यापलेले होते.

आरंभीची भूमिका

सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असताना २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराविषयी साक्ष दिली. मालमत्तेवर आधारलेल्या मताधिकारात अस्पृश्य मतदार नाममात्रच उरत. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकारासह संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा मागितल्या. प्रौढ मताधिकार नसेल तरच स्वतंत्र मतदारसंघ हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. ही लवचीकता पुढील वादात पुष्कळदा विसरली गेली. ऑगस्ट १९३० मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेचे अध्यक्षपद भूषवून ते गोलमेज परिषदेस गेले आणि तेथे त्यांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी मांडली.

पुणे करार

या मागणीस अस्पृश्य पुढाऱ्यांतूनही विरोध झाला. मद्रासचे एम. सी. राजा व नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३२ च्या आरंभी संयुक्त मतदारसंघाचा करार केला. ऑगस्टमधील जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ व सर्वसाधारण मतदारसंघातील आणखी एक मत दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांतील जागा ७१ वरून १४८ झाल्या. मध्य प्रांतातील जागा दहाच्या वीस झाल्या. जागा दुप्पट झाल्या, पण अखेरची निवड सर्व मतदारांच्या, म्हणजे बहुसंख्याकांच्या, हाती गेली. अस्पृश्य मतदारांना चार उमेदवारांची प्राथमिक निवड करता येई, एवढेच. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोहन पार्कमध्ये स्थापन झालेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने स्वतंत्र मतदारसंघांची मागणी पुन्हा पुढे आणली.

दोन पराभव

राज्यघटनेच्या ३२५ व्या कलमाने धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून मतदारयादीतून कोणास वगळण्यास मनाई केली. ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. राखीव जागा राहिल्या, त्याही संयुक्त मतदारसंघात. दुहेरी मतदारसंघात मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. १९५२ मध्ये मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून बाबासाहेब पराभूत झाले. मते ‘कुजवण्याचा’ प्रचार झाल्याचा आरोप करून त्यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत दुसरे मत कुजवावे, असे त्यांच्याच काही कार्यकर्त्यांना वाटत होते. बाबासाहेबांनी ते मानले नाही, असे विदर्भातील कार्यकर्ते सांगत आले आहेत. सर्वसाधारण जागेवर त्यांचे सहकारी अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले. पुढे १९५५ च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात त्यांनी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ व संचयी मतदान सुचविले. त्यात सगळी मते एकाच उमेदवारास देण्याची मुभा असते, म्हणून विखुरलेला लहान समाजही आपली मते एकवटू शकतो.

सीताबर्डीतील मुक्काम

ऑक्टोबर १९५६ मध्ये धम्मदीक्षेसाठी नागपुरास आले असता ते सीताबर्डीतील श्याम हॉटेलात उतरले. १३ तारखेला तेथेच त्यांनी पत्रकारांशी संवाद साधला. फेडरेशन विसर्जित करून सर्वांसाठी खुला असा रिपब्लिकन पक्ष काढण्याविषयी कार्यकर्त्यांशी चर्चाही याच मुक्कामात झाली. १९५० च्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. त्या वर्षी शिखांचा त्यात समावेश झाला, बौद्धांचा नाही. दीक्षा घेणाऱ्याचे मत अबाधित राहणार होते, परंतु राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्क जाणार होता. तरीही १४ ऑक्टोबरला लक्षावधी अनुयायांनी त्यांच्यासमवेत दीक्षा घेतली.

रिपब्लिकन पक्षाची स्थापना त्यांच्या निधनानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरातच झाली. दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० मध्ये मिळाला.