रात्रीच्या तिसऱ्या प्रहरीचा दिवा : बाबासाहेबांची अभ्यासवेळ

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ज्ञानसाधनेचा विषय निघाला की अठरा तासांच्या अभ्यासाचा उल्लेख हटकून होतो. दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास महाविद्यालयांत, ग्रंथालयांत आणि विहारांत सलग अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात. त्यामागील श्रद्धेबद्दल आम्हांला आदरच आहे. परंतु ते तास दिवसरात्रीच्या कोणत्या भागातले होते, ते कसे निवडले गेले आणि शरीराला त्यांचे मोल किती द्यावे लागले, हे सहसा कोणी सांगत नाही. निवासी शाळेत शेकडो मुलांची झोप, जेवण आणि अभ्यास एकाच घंटेवर चालतात. म्हणून अशा शाळेच्या स्मरणिकेत बाबासाहेबांचे चरित्र या एका बाजूने पाहणे उचित होईल, असे आम्हांला वाटते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यातील शाळेत शिक्षक होते. पहाटे उठणे, भजन-पाठ करणे आणि मुलांचा अभ्यास स्वतः घेणे हा त्यांच्या घरचा शिरस्ता होता. साताऱ्यास असतानाच मातोश्री भीमाबाईंचे छत्र हरपले. पुढे कुटुंब मुंबईस आले आणि परळ भागातील डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. भीमरावांचे नाव एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले.

त्या एका खोलीतच स्वयंपाक, पाहुणे, निजणे आणि अभ्यास असे सारे होते. गिरणगावातील चाळीला दिवसा शांतता ठाऊक नसते. संध्याकाळी तर मुळीच नाही. कामगार पाळी संपवून परततात, नळावर भांडी वाजतात, गॅलरीत गप्पा रंगतात. अशा जागी शाळकरी मुलाने पुस्तक उघडावे तरी केव्हा? सुभेदारांनी यावर काढलेला तोडगा प्रसिद्ध आहे. ते मुलाला लवकर निजवीत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. दोन वाजता त्याला उठवीत आणि मग त्याच्या जागेवर आपण पाठ टेकीत. दोघांना एकाच वेळी पाय पसरण्यापुरतीही ऐसपैस जागा तेथे नव्हती. उशाशी जाते, पायथ्याशी बांधलेली शेळी आणि समोर मिणमिणता रॉकेलचा दिवा, अशा स्थितीत भीमरावांचे वाचन चाले.

या प्रसंगातील दारिद्र्य आपण नेहमी पाहतो. त्यातील पित्याची सूक्ष्म दृष्टी मात्र तितकीशी पाहत नाही. सुभेदारांनी मुलाची झोप हिरावून घेतली नाही, तिची जागा बदलली. दोन वाजता उठवायचे म्हणून त्यांनी त्याला आधी लवकर निजवले, आणि त्याच्या झोपेच्या राखणीसाठी स्वतःची अर्धी रात्र दिली. रात्रीच्या झोपेतील गाढ निद्रेचा मोठा भाग पहिल्या काही तासांत येतो, असे आजचे निद्राशास्त्र सांगते. सुभेदारांपाशी हे शास्त्र नव्हते. चाळ केव्हा शांत होते आणि मुलाचे डोके केव्हा ताजे असते, हे त्यांनी रोजच्या निरीक्षणातून ओळखले होते.

याच काळात भीमरावांनी दुसरी एक वेळ स्वतः शोधली. शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. तेथेच विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारप्रसंगी केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे १९५६ साली नागपुरात ज्या प्रवाहाला महासागराचे रूप आले, त्याचा एक उगम बागेतील त्या संध्याकाळच्या तासात आहे. घरी जागा नाही म्हणून मुलाने शोधलेल्या एका शांत वेळेने त्याला गुरू दिला आणि गुरूने बुद्ध दिला.

१९१२ मध्ये बी. ए.ची परीक्षा झाली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांचे निधन झाले. त्याच वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आता मध्यरात्री उठवणारे वडील नव्हते, पण त्यांनी लावलेली शिस्त शरीरात मुरलेली होती. येथे त्यांना प्रथमच असे जग भेटले की ज्यात ग्रंथालयाचे दार कोणी अडवीत नव्हते. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र अशा विषयांत त्यांनी दिवस बुडवले. अठरा तासांच्या अभ्यासाची ख्याती प्रामुख्याने या काळातली आहे. १९१५ साली एम. ए. झाले आणि १९१६ साली पीएच. डी.चा प्रबंध सादर झाला. शिष्यवृत्ती मोजक्या वर्षांची होती आणि ती संपली की परत ग्रंथालय दिसेल की नाही याची शाश्वती नव्हती. त्या अठरा तासांमागे हे भय आणि ही निकड होती, हे विसरून चालणार नाही.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथील त्यांचा दिनक्रम चरित्रकारांनी तपशिलाने नोंदवला आहे. सकाळी लवकर उठून जुजबी न्याहारी करायची आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात आरंभीच्या वाचकांत हजर व्हायचे. दुपारच्या जेवणात ना पैसा घालवायचा ना वेळ. ग्रंथालय बंद होईपर्यंत टिपणे काढायची आणि टिपणांनी फुगलेले खिसे घेऊन बाहेर पडायचे. मग थोडे पायी फिरून मोकळी हवा घ्यायची, रात्रीचे साधे जेवण घ्यायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. दहाच्या सुमारास भूक उसळे, तेव्हा ओळखीच्या एका गृहस्थांनी दिलेले पापड कामी येत. पुढे पहाटेच्या सुमारापर्यंत वाचन. खोलीतील सोबत्याने झोपण्याचा आग्रह केला, तर जेवायला पैसा नाही आणि झोपायला सवड नाही, अशा अर्थाचे उत्तर ते देत.

हा दिनक्रम नीट पाहिला तर त्याला एक घडण आहे, असे दिसते. बाहेरच्या साधनांवर अवलंबून असलेले काम, म्हणजे ग्रंथ शोधणे आणि टिपणे काढणे, दिवसाच्या उजेडात होई. संध्याकाळच्या थकव्यात फिरणे आणि जेवण उरके. एकाग्रतेने वाचून मनन करण्याचे काम रात्रीच्या नीरवतेसाठी राखलेले असे. ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध अशा दिवसांतून आणि अशा रात्रींतून सिद्ध झाला. १९२३ साली त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एससी. मिळाली आणि त्याच वर्षअखेरीस तो प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

मायदेशी परतल्यावर दिवस त्यांचा राहिला नाही. वकिली, महाडचा संग्राम, गोलमेज परिषदा, कायदेमंडळ आणि दाराशी गाऱ्हाणी घेऊन उभे असलेले लोक यांनी दिवस व्यापला. उरली ती रात्र. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ग्रंथांसाठी घर बांधले आणि मगधाच्या प्राचीन राजधानीवरून त्याला ‘राजगृह’ असे नाव दिले. चाळीतल्या रॉकेलच्या दिव्याची जागा विजेच्या दिव्याने घेतली, पण प्रहर तोच राहिला. गाव निजले की बाबासाहेबांचा ग्रंथसहवास सुरू होई आणि पुष्कळदा तो उजाडेपर्यंत चाले. बालपणी परिस्थितीने लादलेली वेळ प्रौढपणी त्यांच्या स्वभावाचा भाग झाली होती.

येथवरची कथा आपण अभिमानाने सांगतो. पुढची कथाही तितक्याच प्रामाणिकपणे मुलांना सांगितली पाहिजे. चाळिशीनंतर त्यांच्या शरीराने तक्रारी मांडायला सुरुवात केली. मधुमेह जडला, पायांच्या वेदना वाढल्या आणि हवी तेव्हा झोप येईना. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांनी अशाच प्रकृतीत सांभाळले. समितीतील इतर सदस्य या ना त्या कारणाने पुरते काम करू शकले नाहीत आणि भार बाबासाहेबांवर पडला, हे संविधान सभेतही बोलले गेले. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पथ्य आणि औषधे सांभाळणारे वैद्यकीय ज्ञानाचे माणूस जवळ असावे, हा त्यामागील एक विचार होता. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत अलिपूर रस्त्यावरील निवासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी हाताखाली घेतली होती. ६ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय पासष्ट वर्षांचे होते. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो हाती घेण्यास ते नव्हते.

मग या चरित्रातून आपल्या मुलांनी कोणता बोध घ्यावा? झोप टाकून अठरा तास बसावे, हा का? आम्हांला तसे वाटत नाही, आणि याचा पुरावा खुद्द बाबासाहेबांच्या कार्यातच सापडतो. जे स्वतःच्या वाट्याला आले ते त्यांनी इतरांवर लादले नाही. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कारखाने कायद्याची जी दुरुस्ती त्यांनी पुढे नेली, तिने १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाची कमाल मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आणली. त्याच वर्षी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. तेथील वर्ग सकाळी भरत, ते नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून. पाठोपाठ सिद्धार्थ रात्रशाळाही निघाली. विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो हे आधी पाहावे आणि शिक्षणाने त्याच्या सोयीच्या वेळेला यावे, हे धोरण त्यात होते. सुभेदारांनी एका मुलासाठी जे केले, ते त्यांच्या पुत्राने हजारो मुलांसाठी केले.

तथागतांची शिकवणही हेच सांगते. अट्ठकथांमध्ये भगवंतांची दिनचर्या भोजनापूर्वीचा काळ, भोजनोत्तर काळ आणि रात्रीचे तीन याम अशा पाच भागांत वर्णिली आहे. त्यांत उपदेशाला, चंक्रमणाला आणि सिंहशय्येवरील विश्रांतीलाही जागा आहे. राजगृहाजवळच्या सीतवनात सोण नावाच्या भिक्खूने चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेतले आणि निराश होऊन प्रव्रज्या सोडण्याचा विचार केला. भगवंतांनी त्याला त्याच्या पूर्वायुष्यातील वीणावादनाची आठवण दिली. तार अति ताणली तर सूर लागत नाही आणि सैल सोडली तरी लागत नाही. वीर्याचेही तसेच आहे, हे सोणाला उमगले आणि तो अर्हत्पदाला पोहोचला.

आधुनिक विज्ञानाने या अनुभवाला आधार दिला आहे. शरीराला स्वतःचे दिवसरात्रीचे घड्याळ असते. त्या घड्याळाची पेशींतील यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ सर्वांचे सारखे चालत नाही. काहींची बुद्धी पहाटे उजळते, काहींची दिवेलागणीनंतर. पौगंडावस्थेत तर ते निसर्गतःच काहीसे पुढे सरकते, म्हणून नववी-दहावीच्या मुलांना रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. त्या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते. अशा मुलाला आपण आळशी म्हणतो, तेव्हा त्याच्यावर अन्याय करतो.

निवासी शाळेला घंटा लागणारच. शेकडो मुलांचे जेवण आणि वर्ग एका वेळी व्हायचे तर शिस्त हवी. पण त्या घंटेच्या आत थोडी मोकळीक ठेवता येते. अवघड गणित कोणी सकाळी सोडवावे आणि कोणी रात्री, हे मुलाच्या कलाने ठरवता येते. पेंगुळलेल्या दुपारी नकला, चित्रे, श्रमदान अशी कामे देता येतात. रात्रीचे दिवे वेळेवर मालवणे हे तर अभ्यासाचेच अंग मानले पाहिजे. सुट्टीत मूल घरी आले की त्याचे डोके कोणत्या वेळी चालते, हे पालकांनी आठ-दहा दिवस नुसते पाहावे आणि त्या वेळेत त्याला बाजारहाटाला धाडू नये, दूरदर्शन संचाचा आवाज चढवू नये. दोन खोल्यांच्या घरातही एवढे करता येते. एका खोलीत ते झालेले आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे पाळीची नोकरी सांभाळून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, त्यांनीही तास मोजण्याआधी आपला ताजा तास ओळखावा आणि झोपेची उधारी वाढू देऊ नये.

येत्या १४ एप्रिलला मुले अभ्यासाला बसतील, तेव्हा त्यांना अठरा तासांची गोष्ट जरूर सांगू या. तिच्या जोडीला दोन वाजेपर्यंत जागून मुलाची झोप राखणाऱ्या सुभेदार रामजींचीही गोष्ट सांगू या, कारण आज त्यांच्या जागी आपण पालक आणि शिक्षक उभे आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!