रमाईंच्या काटकसरीचा हिशेब

दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपल्या बुलडाणा जिल्ह्यात गावोगावच्या विहारांत माता रमाईंची जयंती होते. त्यागमूर्ती म्हणून आपण त्यांना वंदन करतो. पण रमाईंनी वाचवलेला पैसा कशासाठी वापरला गेला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हा हिशेब आपण क्वचितच मांडतो.

रमाईंचा जन्म १८९८ सालचा, दापोलीजवळच्या वणंद गावातला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. लहानपणीच आईवडील गेले आणि भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला आली. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर, भीमरावांशी त्यांचे लग्न लागले.

१९१३ च्या फेब्रुवारीत सासरे सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षी बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. महिना साडेअकरा पौंडांच्या त्या शिष्यवृत्तीतूनच ते घरी पैसे पाठवत. इकडे परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत रमाई संसार ओढत होत्या. त्यांनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, हे जुनी माणसे आजही सांगतात.

१९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये, म्हणजे त्या काळी मोठाच. आता तरी घरात चार सुखाच्या वस्तू येतील, असे कुणालाही वाटले असते. पण लंडनचे शिक्षण अर्धे राहिले होते. घरखर्चाला ठरावीक रक्कम मिळे, रमाई तेवढ्यातच भागवत आणि बाकीचा पैसा बाजूला पडे. १९२० मध्ये ती शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये यांच्या बळावर बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. तिथे तेही अर्धपोटी राहून शिकले. १९२३ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले, आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली.

या काळाची दुसरी बाजूही आहे. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे जगली नाहीत. एकटे यशवंत वाचले. रमाईंची प्रकृती खंगत गेली. दादरच्या राजगृहात राहायला आल्यानंतर थोड्याच काळात, २७ मे १९३५ रोजी, त्यांचे निधन झाले. वय अवघे ३७. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला.

आम्ही वस्त्यांत काम करतो तेव्हा रमाईंचे नाव दोन प्रकारे घेतलेले ऐकतो. एक, बाईने सोसावे म्हणून. दुसरे, घर शिकावे म्हणून. आपण दुसरे धरले पाहिजे. सोयाबीन-कापसाच्या मजुरीतून पोराच्या अभ्यासिकेची फी भरणारी माय आजही घरोघरी आहे. तिने औषध टाळायचे आणि पोराने हप्त्यावर मोबाइल घ्यायचा, याला काटकसर म्हणत नाहीत.

भगवान बुद्धांनी सिगालाला कमाईचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगासाठी, दोन उद्योगधंद्यासाठी, एक अडचणीच्या काळासाठी. यात उपभोगाचाही वाटा आहे, हे विसरू नये. म्हणून तरुणांनी घरचा महिन्याचा खर्च वहीत लिहावा आणि सगळ्यांसमोर वाचावा. लग्न साधेपणाने, कर्ज न काढता लावावे. आधी शिक्षण आणि दवाखान्याचे पैसे बाजूला काढावेत, मग बाकीचा खर्च ठरवावा. कपात करायचीच झाली तर ती घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला सारखी यावी, आणि तिची सुरुवात आईच्या ताटापासून होऊ नये.

जय भीम! नमो बुद्धाय!