काचेत पेशी जगवणाऱ्या कमलताई

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यातला, १९१७ सालचा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि जावईही डॉक्टरच मिळावा, अशी त्यांची इच्छा. हुजूरपागेत शिकलेल्या कमलनं दोन्ही ऐकलं नाही. १९३९ मध्ये गणितज्ञ रणदिवे यांच्याशी लग्न केलं, आणि १९४३ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं! झाडांच्या पेशींकडून माणसाच्या पेशींकडे वळायला मग फार वेळ लागला नाही.

मुंबईत टाटा हॉस्पिटलात डॉ. वसंत रामजी खानोलकरांसारखे गुरू भेटले. त्यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या एका प्रयोगशाळेत शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जगवण्याची विद्या त्या शिकल्या. हेला ही जगप्रसिद्ध पेशीमालिका तिथलीच. परत आल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग, ल्युकेमिया, कुष्ठरोग हे सारं काम त्यापुढचं. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. मला मात्र अकोले तालुक्यातल्या राजूरला जाऊन आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करणाऱ्या कमलताई जास्त जवळच्या वाटतात.

काचेत पेशी जगवून काय साधतं? मी बँकवाला, तेव्हा बँकेच्याच भाषेत सांगतो. खातेदाराची नमुना सही आमच्याकडे कार्डावर असते. काउंटरवरचा माणूस कोण, ते तिच्यावरून ठरतं. पेशीच्या अंगावरही अशा सह्या असतात, त्यांना प्रतिजन म्हणतात. अस्थिमज्जेत रक्त घडवणाऱ्या मोजक्या जनकपेशींची सीडी३४ ही सही १९८४ मध्ये सापडली. हा शोध कमलताईंचा नव्हे, पण तो लागला जॉन्स हॉपकिन्समध्येच, आणि काचेत वाढवलेल्या ल्युकेमियाच्या पेशींच्या आधारानं. पेशी जिवंतच नसेल, तर सही ताडून बघणार कुणाची?

नव्वदच्या दशकात मी पोलादपूरला शाखेत होतो. आंबेनळी घाटाकडचा एक शेतकरी मुदतठेव मोडायला आला. थोरल्या भावाला ल्युकेमिया, तोही संथ जातीचा. महाडच्या डॉक्टरांनी परळला धाडलेलं. दोघे भाऊ रात्रीच्या एस.टी.नं जात, दुसऱ्या रात्री परतत. गोळ्यांनी पांढऱ्या पेशी उतरत, माणूस लावणीला उभा राही. मग त्या पुन्हा चढत. तीन पावसाळे असे गेले. चौथ्याला वारसाच्या दाव्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला.

अडचण सहीतच होती. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात बिघडलेली जनकपेशीही तीच सीडी३४ सही करते, त्यामुळे तेवढ्यावरून चोर आणि साव वेगळे काढता येत नाहीत. २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी बाजारात आली आणि या आजाराचे रुग्ण वर्षानुवर्षं जगू लागले. त्याच वर्षी कमलताई गेल्या. गोळी थांबवली की बऱ्याच जणांत आजार उलटतो, कारण काही रोगट जनकपेशी अस्थिमज्जेत दबा धरून असतात. या पेशींच्या अंगावर सीडी२६ नावाची आणखी एक खूण असते आणि निरोगी जनकपेशींवर ती नसते, हे २०१४ मध्ये दिसून आलं.